‘जी’वरून ‘सी’ला जाताना

“या वयात कशाला?” हा प्रश्न आपली माणसं दोन प्रसंगी हमखास विचारतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने भडक रंगाचे कपडे घेतले की, आणि त्याने काही शिकायला घेतलं की. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट काळजीच असते, हे मला मान्य आहे. पण गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला इतक्या वेळा आणि इतक्या प्रेमाने विचारला गेला, की त्याचं उत्तर एकदा नीट लिहूनच ठेवावं असं ठरवलं. नातेवाईक मंडळींनी इथेच वाचून घ्यावं. (फोन जरूर करा, पण हा प्रश्न नको.)

तर झालं असं आहे की मी गिटारवरची माझी बोटं बदलते आहे.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मी १९७५ साली मिरजेत शाळेत नोकरीला लागले, मराठी शिकवायला. तेव्हा मिशन हॉस्पिटलमध्ये माझी एक मैत्रीण नर्स होती, मूळची केरळची. नाताळच्या आधी महिनाभर त्यांच्याकडे गाण्यांच्या तालमी चालायच्या आणि ती गिटार वाजवायची. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. तिथे मला वेड लागलं ते गिटारचं! तिने मला पाच कॉर्ड शिकवल्या: जी, सी, डी, ई मायनर आणि ए मायनर. दोनशे पानी वहीच्या मागच्या पानावर सहा उभ्या रेघा आणि त्यांवर ठिपके काढून दिले. दोन वर्षांनी ती गावी परत गेली, जाताना गिटार मला विकून गेली. कोलकात्याला तयार झालेली, स्टीलच्या तारांची. पगारातून दोन हप्त्यांत पैसे फेडले. त्यानंतर मला कोणी गुरू नव्हता. त्या पाच कॉर्डच्या जिवावर मी चौतीस वर्षं शाळेत प्रार्थना, बालगीतं, समूहगीतं, निरोप समारंभ सगळं निभावलं आणि २००९ साली निवृत्त झाले.

कॉर्ड म्हणजे काय, तर दोनतीन वेगवेगळे स्वर एकदम वाजवायचे. पेटी माहीत असणाऱ्यांना सांगते: ‘जी’ म्हणजे आपली पांढरी पाच. ती सा धरली तर सा, ग आणि प हे तीन स्वर मिळून जीची कॉर्ड होते. पेटीवर तीन पट्ट्या दाबल्या की झालं. गिटारला सहा तारा, म्हणून हेच तीन स्वर वरखाली पुन्हा येतात आणि ते सगळे जुळवायला डाव्या हाताची बोटं ठरावीक ठिकाणी दाबावी लागतात. कुठल्या ठिकाणी, हे ठरलेलं आहे. कुठल्या बोटाने, हे मात्र ठरलेलं नाही. सगळी गंमत इथेच आहे.

माझी जीची पकड अशी होती. (पहिली तार सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड. फ्रेट म्हणजे सतारीला जसे पडदे असतात तसे गिटारचे.) तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, आणि अनामिका पार पलीकडे पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. करंगळी रिकामी. ही पकड पुस्तकांतही सापडते, बहुतेक सगळे हीच आधी शिकतात. आता इथून सीला जायचं. सीला तर्जनी लागते दुसऱ्या तारेवर, मधलं बोट चौथ्या तारेवर, अनामिका पाचव्या तारेवर. म्हणजे पाचव्या तारेवरची तर्जनी दुसरीकडे जाणार आणि पहिल्या तारेवरची अनामिका पाचवीकडे येणार. एसटी स्टँडवर उतरणारे आणि चढणारे एकाच दारात भेटावेत तशी ही दोन बोटं वाटेत एकमेकांना आडवी येतात. तिन्ही बोटं उचलायची, हवेत नवीन आकृती करायची आणि पुन्हा टेकवायची. यात अर्धा क्षण जातोच.

तो अर्धा क्षण आमच्या शाळेच्या प्रार्थनेत कायमचा जाऊन बसला. मुलांना वाटायचं तिथे श्वास घ्यायचा असतो. दोनेक वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. पन्नाशीतली टक्कल पडलेली मुलं (मला ती मुलंच) प्रार्थनेला उभी राहिली. त्या दिवशी साथीला गिटार नव्हती, काहीच नव्हतं, तरी सगळे बरोबर त्याच शब्दापाशी थांबले, श्वास घेतला आणि पुढे गेले. माझ्याशेजारी नव्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या, त्यांनी कौतुकाने विचारलं, “हा ठहराव मूळ चालीतला का?” मी म्हटलं, हो, परंपरा आहे.

तर ही माझी पकड. ती बदला असं मला सांगितलं आमच्या गल्लीतल्या एका मुलाने. वय चोवीस. इंजिनिअर झालाय, संध्याकाळी गिटारचे वर्ग घेतो. त्याची आई माझी विद्यार्थिनी, त्यामुळे आईचं ऐकून तोही मला ‘बाई’च म्हणतो. तारा बदलायला मी त्याच्याकडे गेले होते. बदलून झाल्यावर वाजवून बघितलं, तर तो माझ्या चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे बघत होता.

“बाई, एक बोलू का? रागावणार नाही ना?”

“बोल की.”

“तुम्ही जी धरताना तर्जनी अडकवून ठेवता. ती मोकळी ठेवा. करंगळी वापरा. सी आपोआप येईल.”

त्याने दाखवलं. पाचव्या तारेवर तर्जनीऐवजी मधलं बोट, सहाव्या तारेवर मधल्याऐवजी अनामिका आणि पहिल्या तारेवर अनामिकेऐवजी करंगळी. फ्रेट तेच, तारा त्याच, स्वर तेच. डोळे मिटून ऐकलं तर कुठली पकड आहे हे कोणालाही सांगता येणार नाही. पण आता सीला जाताना मधलं बोट आणि अनामिका जशीच्या तशी, त्याच फ्रेटला, फक्त एकेक तार पुढे सरकतात. करंगळी उचलायची आणि मोकळी तर्जनी दुसऱ्या तारेवर टेकवायची. आडवं येणं नाही, उड्डाण नाही. एक पाऊल बाजूला टाकल्यासारखं.

घरी येऊन मी बराच वेळ विचार करत बसले. बोटांचा विचार नंतर आला, आधी आला तो संधीचा! चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं: सत् अधिक जन, सज्जन. सत् अधिक आचार, सदाचार. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. त्या त् चा कधी ज् होतो, कधी द्, कधी न्. का? तर पुढे कोण येतंय त्यावर. मुलं विचारायची, “बाई, मग खरा त् कुठला?” एकटा असताना खरा. वाक्यात मात्र तो पुढच्याला बघून वागतो. बोटांचंही तसंच. जीची पकड कुठली बरोबर, हा प्रश्नच अर्धा आहे. पुढे काय येणार ते सांगा, मग पकड सांगता येईल.

आणि म्हणूनच जुनी पकड टाकाऊ नाही हेही सांगते. जीवरून डीला जायचं असेल तर जुनी बरी. डीला अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला लागते, आणि जुन्या पकडीत ती पहिल्या तारेवर तिसऱ्याच फ्रेटला असते, म्हणजे अगदी शेजारी. नव्या पकडीत तीच अनामिका सहाव्या तारेवर जाऊन बसलेली असते, तिला सगळी गिटार ओलांडून यावं लागतं. त्या मुलाचं म्हणणं, “सगळीकडे एकच पकड ठेवा, गोंधळ होणार नाही.” मला हे पटलेलं नाही. मी दोन्ही ठेवल्या आहेत. पुढे सी असेल तर नवी, पुढे डी असेल तर जुनी. गोंधळ होतो, पण संधी शिकतानाही होतच होता.

आता मूळ प्रश्नाकडे येते.

घरी मी हे सांगितल्यावर लेक म्हणाला, “आई, मस्त वाजवतेस की तू! या वयात कशाला बदलायचं?” सूनबाई म्हणाल्या, “तुमचं जे आहे ते छानच आहे.” पुण्याच्या वहिनी म्हणाल्या, “हौस म्हणून ठीक आहे, पण त्रास कशाला करून घ्यायचा?” सगळे प्रेमाने बोलत होते. तरीही मला त्या सगळ्यांपेक्षा त्या चोवीस वर्षांच्या पोराचं बोलणं जास्त आदराचं वाटलं. का, ते सांगते.

शिक्षक लाल शाई कुणावर खर्च करतो? ज्याच्याकडून अजून काही होईल असं वाटतं त्याच्यावर. ज्या निबंधाच्या समासात चार ठिकाणी खुणा, दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह आणि खाली तीन ओळींचा शेरा असतो, तो निबंध शिक्षकाने वाचलेला असतो. ज्याच्या खाली नुसतं ‘छान’ असतं त्याच्याबद्दल खात्री देता येत नाही. सत्तरीनंतर माणसाच्या सगळ्या वह्यांवर ‘छान’ यायला लागतं. आमटी छान, कविता छान, गिटार छान, ब्लॉग छान. (इथले प्रतिसाद काढून बघा.) मीठ कमी पडलं तर मुकाट्याने वरून घालून घेतात, सांगत नाहीत. वाईट वाटेल म्हणून. पण याचा अर्थ असाही होतो, की आता ही काही बदलायची नाही, हिचं जे व्हायचं ते झालं. तो मुलगा मात्र मला अजून विद्यार्थी समजला. माझ्या बोटांकडे बघून त्याला वाटलं की इथे दुरुस्तीला जागा आहे आणि ही बाई ती करू शकेल. इतकी मोठी गोष्ट माझ्याबद्दल गेल्या दहा वर्षांत कोणाला वाटलेली नाही.

दुसरं असं, की ‘या वयात कशाला’ हा प्रश्न सगळ्या शिकण्याला लागू करत नाहीत. मोबाईलवरून पैसे पाठवायला मला याच घरच्यांनी शिकवलं. ओटीपी आला की कुठे घालायचा, कोणाला सांगायचा नाही, गॅसचा नंबर कसा लावायचा, डॉक्टरांची वेळ कशी घ्यायची. चारदा चुकले तर पाचव्यांदा दाखवलं. तेव्हा “या वयात कशाला” कोणी म्हणालं नाही. “अगं सोपं आहे, जमेल तुला” म्हणाले. म्हणजे वय आड येतं ते हौसेपुरतंच की काय! ज्या शिकण्याने बाकीच्यांची सोय होते तिथे म्हातारी माणसं शिकू शकतात, आणि ज्याने फक्त त्यांचं स्वतःचं मन रमतं तिथे मात्र त्यांनी विश्रांती घ्यावी. घरच्यांनी राग मानू नये, हिशोब मांडला तर तो असाच दिसतो.

माझी आजी आठवते. १ एप्रिल १९५७ला देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आता रुपयाचे शंभर नये पैसे. मी सहा वर्षांची होते, आजी सत्तरीची. एका आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा. मग तीन आण्यांचे? अठरा ना? नाही, एकोणीस! आणि चार आण्यांचे पंचवीस. आजीला तो एक पैसा कुठून आला ते शेवटपर्यंत पटलं नाही, ती म्हणायची सरकारने मध्ये खाल्ला. पण शिकली. भाजीवाली फसवू शकत नव्हती तिला. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले, तेही शिकली. तिला कोणी “या वयात कशाला” विचारलं नाही, कारण दूध तर रोज आणायचंच होतं.

आणि आम्ही तरी काय? पहिली-दुसरीत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ असं टिंबं देऊन लिहायला शिकलो, टिंब राहिलं की छडी. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारली जाणारी टिंबं गेली. मी अकरा वर्षांची. जी टिंबं घालून घालून बोटं वळलेली, तीच आता द्यायची नाहीत. तेव्हा आमच्या पिढीच्या हाताला वळण मोडायची सवय लहानपणापासून आहे. उगाच म्हातारपणाचं निमित्त सांगू नये.

पण म्हणून हे सोपं आहे असंही नाही. यूट्यूबवर ‘तीस दिवसांत सवय बदला’ म्हणणारे खूप भेटतात, त्यांचंही मला पटत नाही. खरं काय होतं ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिले तीन आठवडे मी आधीपेक्षा वाईट वाजवत होते. एका मिनिटात जी-सी-जी-सी किती वेळा होतं ते मोजायचं, अशी एक साधी रीत आहे. जुन्या पकडीने तीस व्हायचे. नव्या पकडीने पहिल्या दिवशी नऊ. बहुतेक जण इथेच सोडून देतात आणि यात वयाचा काही संबंध नाही. तीस करता येत असताना नऊ कोण करेल? नवशिक्याला हे दुःख नसतं, त्याचे शून्याचे नऊ झालेले असतात. माझे तिसाचे नऊ झाले होते. त्यातून करंगळी म्हणजे घरातलं शेंडेफळ, तिने पन्नास वर्षांत कधी काम केलेलं नाही. ती तारेवर उभीच राहीना, आडवी पडायची आणि शेजारच्या तारेचा आवाज मारून टाकायची.

मग हळूहळू वाजवायचं. किती हळू? मी पूर्वी मुलांना अक्षर गिरवायला लावायचे तितकं हळू. चाळीसच्या लयीत, दोन ठोक्यांना एक बदल. इतकं हळू की जुनी सवय जागीच होऊ नये. कारण घाई केली की ती परत येते. मेंदूचा अभ्यास करणारे सांगतात की पक्की झालेली सवय पुसली जात नाही, तिच्याशेजारी दुसरी तयार होते, आणि ताण आला किंवा लक्ष उडालं की जुनी पुढे सरसावते. मला ते अनुभवाने पटलं. एकटी असले की नवी पकड बरोबर येते. दारावरची बेल वाजली, की बोटं आपोआप १९७५ सालात. पंचवीस पैशांचं नाणं २०११ साली चलनातून गेलं, तरी आपण अजून ‘सोळा आणे खरं’ म्हणतोच ना, तसं.

रात्री जे जमत नाही ते सकाळी जमतं, हेही खरं आहे. आधी मला वाटलं योगायोग, पण इतक्या वेळा झालं की आता मी रात्री अडलं की सरळ झोपायला जाते.

नातवाने मला एक व्हिडिओ दाखवला, २०१५ सालचा आहे. डेस्टिन सँडलिन नावाचा अमेरिकन इंजिनिअर, त्याच्यासाठी एक सायकल केलेली, तिचं हँडल डावीकडे वळवलं की चाक उजवीकडे वळतं. त्याला ती चालवायला शिकायला आठ महिने लागले, रोज थोडा थोडा सराव करून. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे. नातू म्हणाला, “बघ आजी, मुलं पटकन शिकतात.” मी म्हटलं, “आणि बाप शिकला हे बघितलं नाहीस वाटतं?” एकाच व्हिडिओतून दोघांनी आपापलं पाहिलं.

आणि ज्याला पर्यायच नव्हता असा एक मोठा माणूस म्हणजे जँगो राइनहार्ट. फ्रान्समधला जिप्सी गिटारवादक. १९२८ साली, अठरा वर्षांचा असताना, राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. त्याने सगळी बोटं नव्याने बसवली. द्रुतगतीच्या जागा मुख्यतः दोन बोटांवर घ्यायचा आणि जगात नाव झालं. माझी तक्रार काय, तर करंगळी वापरावी लागते! त्याची गोष्ट वाचल्यावर तक्रार करायची सोय राहिली नाही.

फ्रान्सपर्यंत जायचीही गरज नाही म्हणा. मिरजेत सतार आणि तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारींना आणि शस्त्रांना धार लावायची, घासूनपुसून चकचकीत करायची, हे त्यांचं काम. एकोणिसाव्या शतकात संस्थानी शस्त्रांचं काम उतरलं तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. ज्या हातांना पोलादाची सवय, त्यांनी भोपळा धरला. (तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडून येतात.) पोलाद जोर मागतं, भोपळ्याला जोर लावला तर तडकतो. त्या हातांचं वळण बदलायला किती दिवस लागले असतील याची नोंद कोणी ठेवलेली नाही, पण मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारमेकर गल्लीचा विषय निघालाच आहे, तर माझ्या वयाच्या वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. बोटांना दोष देण्याआधी वाद्य तपासून घ्या. माझ्या डाव्या हाताच्या बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर गाठी आल्या आहेत, बऱ्याच बायकांना या वयात येतात. डॉक्टर म्हणाले दुखेपर्यंत वाजवू नका, पण बोटं चालती ठेवा. मी समजत होते की करंगळी कमजोर आहे. तिथल्या एका कारागिरांना गिटार दाखवली. ते सतारीची जवारी काढणारे, गिटारचं काम त्यांचं नव्हे. पण त्यांनी तारेखाली बोट घालून बघितलं आणि म्हणाले, “बाई, तारा इतक्या उंच असल्यावर कुणाचंही बोट दुखेल.” खालच्या घोडीवरची पट्टी काढून घासून दिली, वरची खाच थोडी खोल केली. जाड तारांऐवजी बारीक तारा आधीच घातल्या होत्या. निम्मा त्रास तिथेच गेला. उरलेल्यापैकी काही कॅपोने गेला. कॅपो म्हणजे तारांवर लावायचा चिमटा. तो दुसऱ्या फ्रेटला लावला की पट्टी दोन स्वरांनी म्हणजे पांढरी पाचची पांढरी सहा होते, आणि तिथे तारा दाबायलाही हलक्या जातात. शिवाय बायकांच्या आवाजाला ती पट्टी बरी पडते. कोणी म्हणतात कॅपो म्हणजे पळवाट. म्हणोत. चष्मा पण पळवाटच आहे.

आमचे एक जुने सहकारी, हार्मोनियम उत्तम वाजवतात, त्यांनी मात्र खरा आक्षेप घेतला. ते म्हणाले, “बाई, पन्नास वर्षांनी बोटांची जी ठेवण होते ती तुमची सही असते. सही कोणी बदलतं का?” याला मी बरेच दिवस उत्तर देऊ शकले नाही. त्यात तथ्य आहे. प्रत्येक वादकाच्या हाताची एक ठेवण असते आणि तिच्यातूनच त्याचा आवाज ओळखू येतो. पण मला वाटतं, ठेवण ऐकू येते आणि अडचण सोसावी लागते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या उजव्या हाताचा अंगठा तारांवरून थोडा तिरका जातो, त्याने आवाज जरा जाडा येतो. तो मी बदलणार नाही, मुलाने कितीही सांगितलं तरी. ती माझी सही. जीवरून सीला जातानाची खाच ही सही नव्हती, तो कागदाचा दोष होता. आणि तो ‘श्वास’? तो आता प्रार्थनेचा आहे, माझा नाही. मी न थांबता सीला गेले तरी ती मुलं थांबणारच.

आता मिनिटाला बेचाळीस होतात. पण मला आकड्यापेक्षा आवडली ती दुसरीच एक गोष्ट. बदल सोपा झाल्यावर माझं लक्ष बोटांवरून सुटून गाण्यावर गेलं. पन्नास वर्षं मी वाजवताना पुढच्या कॉर्डचीच काळजी करत होते, त्यामुळे शब्द ऐकायचे राहायचे. मराठीची शिक्षिका आणि शब्द ऐकत नव्हती, आहे की नाही मजा! परवा नातीबरोबर एक जुनं भावगीत वाजवताना तिसऱ्या कडव्यात एक शब्द असा आला की मी वाजवायचीच थांबले. कित्येकदा वाजवलेलं गाणं, आणि तो शब्द तिथे आहे हे मला माहीत नव्हतं. नात म्हणाली, “आजी, विसरलीस का?” मी म्हटलं, “नाही गं, आत्ता ऐकू आला.”

ए मेजरचंही तसंच चाललंय. तिथे तीन तारा एकाच फ्रेटला ओळीने दाबायच्या, बोटं एकावर एक चढतात. मधलं बोट चौथ्या तारेवर, तर्जनी तिसरीवर, अनामिका दुसरीवर अशी अदलाबदल केली तर डीला जाताना तर्जनी हलवावीच लागत नाही, अनामिका तार न सोडता एक घर पुढे घसरते. ज्यांना ए आणि डीची गाणी वाजवायची असतील त्यांनी करून बघावं. मला हे आठवड्यात जमलं, कारण तिथे जुनी सवय फार पक्की नव्हती.

सध्या आमचं भांडण एफवर चालू आहे. त्याचं म्हणणं, तर्जनी सहाही तारांवर आडवी टाका. माझ्या सांध्याचं म्हणणं, टाकणार नाही. चार तारांचा छोटा एफ असतो, त्यात तर्जनीने दोनच तारा दाबायच्या, त्यावर तूर्त तडजोड झाली आहे. दिवाळीनंतर पुन्हा बोलू म्हणालाय. तोवर करंगळीचं नख वाढू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे, आणि ती मी पाळते आहे.